केसाएवढी फट

लाटण्याखालून उजेड दिसत होता. काचेच्या काउंटरवर आडवं ठेवलेलं लाटणं दोन्ही टोकांना टेकलं होतं, पण मध्यावर, वीतभर लांबीत, केसाएवढी फट होती. तिने वाकून, एक डोळा मिटून ती फट पाहिली आणि लाटणं बाजूला सारलं.

"मधे बारीक उतरलंय," ती म्हणाली. "याने लाटलेली बिस्किटं मधे कच्ची राहतील आणि कडेला करपतील."

"घ्या, लाटण्यातही खोड काढली," आई शेजारच्या स्टुलावरून म्हणाली. "एवढं पारखून नवरा बघितला असतास, तर आज मला जावई असता."

"पारखले म्हणूनच नाही केला. सगळ्यांच्या खालून उजेड दिसत होता."

दुकानदार नम्रपणे हसला.

"जुनं तडकलंय," तिने त्याला सांगितलं. "पिठात लाकडाची कपची निघाली. वेळीच दिसली म्हणून बरं."

"हो का," तो म्हणाला आणि तिने मागायच्या आधीच पाण्याची वाटी पुढे ठेवली. हुशार माणूस, तिला वाटलं. तिने बोट बुडवून उरलेल्या दोन लाटण्यांवर एकेक थेंब सोडला. एकावरचा थेंब बघता बघता आत मुरला आणि डाग उरला. दुसऱ्यावरचा तसाच टपोरा राहिला.

"हे लोणी पिणार नाही," ती म्हणाली. "आणि याला मुठी नाहीत, तेही बरं. मुठी धरल्या की हाताखालचं पीठ कळत नाही."

औषधांच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत तिची सगळी नोकरी वजनं करण्यात गेली होती. लाटणं तळहातावर तोलताना अजूनही तिचा श्वास आपोआप थांबायचा. हातांना कळत होतं.

आज आईशी बोलायचं होतं.

शहराबाहेर, विसरायला लागलेल्या माणसांना सांभाळणाऱ्या निवासातली खोली सोमवारी मिळणार होती. धाकटा भाऊ फोनवर म्हणाला होता, "ताई, आता कोणीतरी बोलायलाच हवं." कोणीतरी म्हणजे कोण, हे थोरल्या बहिणीला वेगळं सांगावं लागत नाही. रोज ती ठरवायची, रोज जेवणं व्हायची, भांडी घासून व्हायची, आणि बोलायचं राहूनच जायचं.

खोली बघायला तिघंही गेले होते. आई चिडेल, रडेल असं तिला वाटलं होतं. आईने उलट सगळी चौकशी केली. सकाळचं ऊन येतं का, रात्री कुणी डोकावतं का, फाटकाला कुलूप असतं का. गादी दोन्ही हातांनी दाबून पाहिली. परतताना गाडीत मात्र ती लेकीचा हात घट्ट धरून बसली.

मन कच्चं व्हायला लागलं की ती स्वतःला एकेका गोष्टीची आठवण करून द्यायची. ओव्हनमध्ये कोळसा झालेला ट्रे, धुराने भरलेलं घर, आणि एकेक खिडकी उघडत जाणारी आई. पिठाच्या डब्यात सापडलेल्या किल्ल्या. "असू दे, सापडल्या ना," आई म्हणाली होती, नजर चुकवून. खारट झालेलं सूप आईने निमूट संपवलं होतं. आता तर कपाटांवर चिठ्ठ्या चिकटल्या होत्या, आईच्या ठसठशीत अक्षरात: मीठ. साखर. इथे हात लावू नये. रस्ता ओलांडताना आई हल्ली तिचं कोपर धरायची, सोडायचीच नाही.

चूक कबूल करायची लाज वाटते माणसाला. त्यावरून ती कधी आईला बोलली नव्हती.

"हेच ना नक्की?" आईने विचारलं.

"हेच. तू धरून बघ. जड नाही ना होत?"

"मला कशाला? तुझ्या हाताला बसतंय ना, झालं तर."

"आई, करतेस तर तूच ना सगळं."

आईने तिच्याकडे पाहिलं. मग पदराने तिच्या बोटाला लागलेलं पाणी टिपलं, लहानपणी टिपायची तसं.

"बरं," ती म्हणाली. "मीच करते."

दुकानदाराने कागद घेतला आणि लाटणं गुंडाळायला लागला. पैशांचं त्याने विचारलं नाही. आईचं खातं असेल. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. बाहेर एक बाई सायकल ढकलत गेली. दोऱ्याची गाठ बसली की बोलायचं, तिने ठरवलं. इथेच. परक्या माणसासमोर आई मोठ्याने रडणार नाही.

दोरा एकदा फिरला, दुसऱ्यांदा फिरला.

"आई," ती म्हणाली, "सोमवारी..."

"थांब, बाळा." आईने स्टुलावरून उठून तिचं कोपर धरलं आणि पर्स काउंटरवर ठेवली. "आज याचे पैसे घ्या. मागची सगळी लाटणी तुम्ही न कुरकुरता दुसऱ्या दिवशी परत घेतलीत. हे नाही मी परत आणणार."

दुकानदाराचा हात गाठीवर थांबला.

"म्हणजे ठरलं, आजी?"

"ठरलं," आई म्हणाली. "सोमवारी हिला तिथे ठेवून येते."