खुणेच्या बांगड्या

बांगड्या दोनदा वाजल्या आणि आर्याची बोटं मांडीवर गपकन थांबली.

अश्लेषाने जीभ चावली. आज वाजवायच्या नाहीत, असं जूचंद्रहून माणिकपूरला येताना तिने रिक्षात स्वतःला दहादा बजावलं होतं. पण हात ऐकतोय कुठे! आठ वर्षांची सवय. एकदा वाजल्या की समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, दोनदा वाजल्या की बोटं नाचवणं बंद. लेक दुसरीत असताना ही खूण तिनेच शोधून काढली होती. लग्नकार्यात, हळदीकुंकवाला कुणाला पत्ता लागत नसे. "किती शहाणी मुलगी!" म्हणायचे लोक. अश्लेषाचा ऊर भरून यायचा.

घरी आल्यावर ती शहाणी मुलगी दार लावून पापण्यांचे केस उपटायची. यंदा दहावी, आणि वर्गात पाऊल टाकलं की उलट्या. परीक्षेला वेगळ्या खोलीत बसवा म्हटलं तर शाळेने मुलगी स्वमग्न असल्याचा रिपोर्ट मागितला. आधीच्या डॉक्टरांनी वीस मिनिटांत लिहून दिलं होतं, मुलगी नॉर्मल आहे. त्या वीस मिनिटांत बांगड्यांना उसंत नव्हती. हाही रिपोर्ट तसाच आला तर आर्याची दहावी बुडाली.

मानसतज्ज्ञ ज्युली मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या ध्यानात आलं होतं.

"ताई, तुम्हाला दोष देत नाही मी. पण मला आर्या बघायचीय. बांगड्या काढून ठेवाल?"

सवाष्णीचे हात मोकळे! सासूबाई असत्या तर घर डोक्यावर घेतलं असतं. अश्लेषा बेसिनपाशी गेली, साबण लावला, एकेक ओढून काढली. एक वाढलीच. उरलेल्या पर्समध्ये टाकून ती खुर्चीत येऊन बसली.

"आर्या," ज्युली मॅडम म्हणाल्या, "इथे माझ्या डोळ्यांत बघायची गरज नाही. खिडकीकडे बघून बोल. बोटं नाचवायचीत? नाचव. त्यात वाईट काही नाही."

आर्या त्यांच्या डोळ्यांत बघत राहिली. बोटं मांडीवर तशीच. खाली स्टँडवर रिक्षावाले भाडं बोलावत होते. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

अश्लेषाला राहवेना. तिने दोन्ही मनगटं लेकीपुढे धरली. साबणाने अजून ओली होती.

"बघ गं बाळा, एकही नाहीये हातात. हलव ना बोटं. आईसाठी हलव!"

आर्याने मनगटांकडे नीट बघितलं. मग मान वर करून आईच्या डोळ्यांत बघितलं, शिकवलं होतं अगदी तसं.

"शाळेत पण तू नसतेस, आई," ती म्हणाली. "तरी वाजतात."