कानशीची खूण

सीट काही केल्या हलेना. वेल्डरने सीटखालची दांडी पान्यात धरून पिळली, पान्याला लांब पाइप लावून पिळली, हातोड्याने ठोकली, शेवटी सायकलच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दांडी ढिम्म.

"ताई, ही आतून चिकटलीय," तो घाम पुसत म्हणाला. "आता एक तर कापायची, नाही तर सरळ भंगारात."

"मी सांगितलं होतं," दुकानाच्या दारात स्टुलावर बसलेला तिचा नवरा म्हणाला. "मी स्वतः दोनदा हरलोय तिच्यापुढे."

गल्ली त्याला अजून रेसर म्हणायची, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आता तो काठी घेऊन चालायचा तरी. सायकल त्याचीच. जुनी, पोलादी, बारीक चाकांची, शर्यतीची. कित्येक वर्षं जिन्याखाली गंजत पडली होती. भंगारवाल्याला त्याने आज संध्याकाळी बोलावून ठेवलं होतं. "तोवर सीट खाली आली तर सायकल तुझी," असं सकाळी बायकोला म्हणाला होता, तेही हसत.

ती शिवणकाम करायची. गेले तीन महिने मशीन बंद केलं की ती सायकलीला लागायची. गंज घासला, निळा रंग दिला, खाली वाकलेलं हँडल काढून सरळ बसवलं, नवे टायर घातले, शिवलेले कपडे पोचवायला पुढे टोपली लावली. एवढं सगळं नटवून झाल्यावर सीटला हात घातला. आधी कळस मग पाया! याचा तिला स्वतःचाच राग येत होता. गिऱ्हाइकाचं माप न घेताच बटणं लावून बसले म्हणायचं.

"नवी घे ना एखादी," रेसर म्हणाला. "दुकानात ढिगाने पडल्यात."

"नवीवर कुणाचेही पाय पोचतात."

माहेरी ती भावाची सायकल हात सोडून चालवायची. लग्न होऊन आल्या आल्या तिने ही मागितली होती, तेव्हा उत्तर आलं होतं, 'तुझे पाय पोचणार नाहीत.' पुढे जेव्हा जेव्हा मागितली, तेव्हा तेच. तिला हिच्याच पेडलवर पाय पोचवायचे होते.

तिने दांडीवरून बोट फिरवलं. दांडी जिथे नळीत शिरते तिथल्या कड्याला ती कॉलर म्हणायची. कॉलरच्या चार बोटं वर दांडीवर एक बारीक आडवी चीर होती. ती कंपनीची खूण, असं नवऱ्याने कधीतरी सांगितलं होतं.

"बरणीचं झाकण निघेना की तुम्ही काय करता हो?" तिने वेल्डरला विचारलं.

"बायकोला देतो."

"आणि ती काय करते?"

वेल्डरने कधी बघितलं नव्हतं.

"झाकण घट्ट धरते आणि बरणी फिरवते. काढा ती चाकं."

चाकं निघाली, सीट निघाली. सायकल उलटी करून त्यांनी दांडीचं वरचं टोक बाकावरच्या व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळलं. आता दांडी जागची हलणार नव्हती. हलली तर सायकल हलणार होती. तिने बाह्या सरसावल्या, एक हात पुढच्या नळीला घातला, एक मागच्या.

"अगं, पिळवटेल ती!" रेसर ओरडला.

"पिळवटली तर भंगारवाला येतोच आहे."

तिने जोर लावला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा आतून कर्रर्र आवाज झाला आणि तांबडी पूड बाकावर सांडली. मग ती सायकल धरून गोल फिरत राहिली, आणि फिरता फिरता सायकल दांडीवरून वर सरकत सरकत मोकळी झाली.

"च्यायला!" वेल्डर म्हणाला.

तिने नळी आतून पुसली, ग्रीस लावलं, दांडी परत घातली. चाकं चढली, सीट चढली. रेसर काठी टेकत जवळ आला होता.

"त्या खुणेपर्यंत खाली घे," तो म्हणाला.

"कंपनीच्या?"

"माझी आहे ती. कानशीने केलेली." तो सायकलीकडेच बघत होता. "लग्न झालं त्या वर्षीची. तू झोपली होतीस, तेव्हा दोरीने तुझ्या पायाचं माप घेतलं होतं."

"मग?"

"मग रविवारी शर्यत होती. म्हटलं, ती झाली की खाली घेऊ."

"आणि?"

"पुढच्या रविवारीही होती."

वेल्डरला एकाएकी दुकानाच्या मागच्या बाजूला काहीतरी शोधायचं आठवलं. तिला राग आला, चांगलाच आला, आणि त्या रागातच त्या दोरीचं हसूही आलं. तिने दांडी खुणेपर्यंत उतरवली, बसून पाहिलं, पेडलवर टाच टेकवून पाहिली. टाच अधांतरी राहिली. ती उतरली आणि तिने सीट आणखी बोटभर खाली घेतली. चीर कॉलरच्या आत गेली.

"माझं माप चुकलं वाटतं," तो हळूच म्हणाला.

"माप बरोबर होतं तुमचं." तिने नट आवळला. "पण जुन्या मापावर मी कपडा कापत नाही."

ती सायकलीवर बसली आणि निघाली. गल्लीच्या तोंडाशी भंगारवाल्याची हातगाडी आडवी लागली होती. तिने घंटी वाजवली. त्याने गाडी बाजूला घेतली.