बदली मेंदू

वरसे गावच्या विहिणीनं माझ्या नातीला रोबोचा संच दिला, तेव्हापासून भाविका माझ्या गोष्टी ऐकंना. नजर माझीच लागणार, म्हणून रोबोची दृष्टही मीच काढली. ओवाळताना ओलं मीठ त्याच्यावर सांडलं आणि रोबोचा मेंदू, इवलासा बोर्ड, चर्रकन जळला. पोरीनं फोनवर विहिणीलाच विचारलं, “बदली कोणता घेऊ?” “सगळ्यात मोठा घे,” ती म्हणाली. जळफळत मी सांगितलं, “आमच्या हमरापुरात एकदा गणपतीच्या मूर्तींचे डोळे आखणारा आजारी पडला, तर मोठा कलाकार आणला. त्याला आमचा ब्रश जमंना. उंदीर गिऱ्हाइकांना डोळा मारायला लागला! बदलीवाला आपल्या ब्रशाला जुळणारा बघावा.” भाविकानं मोबाईलवर बघितलं. “व्हय गो आजी! मोठा तीन व्होल्टचा. माझे सेन्सर पाचचे. छोटाच जुळतो.” तिनं वरसेला फोन लावला. “आजी, हमरापूरच्या आजीनं निवडला!” मी हरखले. “पण पार्सल तुझ्याकडं मागवते. इथं दृष्ट काढतात.”