हात वर करा

अमेरिकेतल्या सनीव्हेलच्या घरात श्रीरंगने लोकशाही आणली होती. काहीही ठरवायचं असलं की तो हात वर करायला लावायचा, आणि सुनेत्राची नोकरी असो की ड्रायव्हिंग, सासूबाईंचा हात निमूटपणे लेकाच्या बाजूने जायचा. "दोन विरुद्ध एक! आता बस गपचूप," हे त्याचं ठरलेलं वाक्य. सासूबाईंना सांगलीला परत जायचं होतं. तो विषय मात्र त्याने कधी मताला टाकलाच नाही.

ऐंशी सालच्या मे महिन्यात टीव्हीवर बातमी आली: कॅनडातून वेगळं व्हायला क्यूबेकच्या लोकांनीच मतदानात नकार दिला. हरलेल्यांना रडताना बघून श्रीरंग टाळ्या पिटायला लागला. "बरी जिरली! काय गं, तुलाही व्हायचंय का वेगळं? घेऊ या मत!"

चार वर्षं गिळलेला सगळा राग एकवटून सुनेत्राने हात वर केला. तो हसतहसत आईकडे वळला.



सासूबाईंचा हात आधीच वर होता. "दोन विरुद्ध एक," त्या म्हणाल्या. "आता बस गपचूप, आम्हाला बॅगा भरायच्यात."