पाचवी सवाष्ण

उद्यापनाला पाच सवाष्णी हव्या. शहराच्या रक्षणकर्त्या वज्रताईंकडे चारच आल्या होत्या. आरती खोळंबली. इतक्यात छपराचा पत्रा फाडून अंगारिका उतरली. गेल्या वर्षी ताईंनीच तिला पुलावरून समुद्रात भिरकावलं होतं.

"आज तुम्हाला सोडत नाही," म्हणत तिने आगीचा लोळ फेकला. ताईंनी तो परातीवर झेलला आणि दुसऱ्या हाताने तिचं मनगट धरलं. मारणार, तोच तिच्या गळ्यात नवं मंगळसूत्र दिसलं. ताई चक्रावल्या. हिला हाणावं, की पुजावं?

"लग्न कधी केलंस गं?"

"वैशाखात. विषय बदलू नका."

"बस पाटावर. तुझ्यावाचून उद्यापन अडलंय."

चौघी सरकल्या. अंगारिका गोंधळून बसली. ओटी भरून ताई रीतीप्रमाणे तिच्या पाया पडल्या. वाकलेल्या बाईला आशीर्वाद दिल्यावाचून कसं उठायचं?

"यशस्वी व्हा," ती पुटपुटली, आणि आता लढायचं कसं, ते दोघींनाही कळेना.