वरचे तीस मिलिग्रॅम

"ताई, एकदा नजर टाकता? उद्या डायरेक्टर साहेबांपुढे ठेवायचाय," म्हणत संपदानं आलेख कुमुदच्या टेबलावर ठेवला.

कुमुदनं तो बघितला आणि तिला मनातल्या मनात गुदगुल्या झाल्या. चंद्रावरच्यासारखी बनवलेली माती, तीत घातलेला बर्फ शंभर मिलिग्रॅम, आणि तापवल्यावर निघालेलं पाणी एकशे तीस! अगं बाई, वरचे तीस आले कुठून? भांडं आधी भाजून कोरडं केलंच नसणार. नोएडाच्या जुलैतली दमट हवा ही पोरगी चंद्राचं पाणी म्हणून मिरवणार होती.

चंद्राच्या ध्रुवावरचा बर्फ मोजणारं हे यंत्र कुमुदनं कागदावर होतं तेव्हापासून वाढवलं होतं. बावीस वर्षं! आणि प्रमुख कोण झालं? तर परवा आलेली संपदा. कुमुद जळत होती, अगदी आतून जळत होती. एरवी ती कुणाची दशांशाची चूकही सोडत नसे. नव्या माणसाला मुद्दाम चुकीचा आलेख देऊन पारखायची या प्रयोगशाळेतली पद्धतसुद्धा तिनंच पाडलेली.

"छान आहे," ती म्हणाली. "खुशाल दाखव."

होऊ दे एकदाची फजिती!

दुसऱ्या दिवशी ती मीटिंगला सगळ्यांच्या आधी येऊन बसली, अगदी पुढच्या खुर्चीत. पडद्यावर तोच आलेख आला.

"सर, हा चुकीचा आहे," संपदा शांतपणे म्हणाली. "मीच मुद्दाम केलाय. यंत्राच्या प्रत्येक आकड्यावर शेवटची सही कुणाची, हे आज ठरायचंय. म्हणून ताईंच्याच पद्धतीनं काल तो तिघांना दिला. दोघांनी चूक लगेच पकडली."

शेवटची सही! ती मिळाली असती तर संपदाचा आकडासुद्धा कुमुदच्या हाताखालून गेला असता. कुमुदच्या तोंडचं पाणी पळालं.

"मी तर म्हणत होते, ताईंची कसली परीक्षा घ्यायची," संपदाचा आवाज उतरला. "सही त्यांचीच असणार. पण साहेब म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा."

साहेबांनी चष्मा काढला. सगळी खोली कुमुदकडे बघत होती.

"ताई, तुम्हाला खरंच दिसलं नाही?" संपदानं विचारलं.

दिसलं होतं म्हणावं, तर काल गप्प का बसलात, हा पुढचा प्रश्न तयारच होता.

"नाही गं," बावीस वर्षांत एकही चूक न सोडलेली कुमुद म्हणाली. "नजरेतून निसटलं."