नथवाली

दुसऱ्या ओढीतही नथवाली आली नाही.

लहानूने जाळ्याचा दोर सोडला आणि गारठलेल्या हातांवर फुंकर घातली. माघातलं धुकं तळ्यावर असं टेकलं होतं, की पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळू नये. माणसं अर्धी पाण्यात, अर्धी धुक्यात. ही सगळी सकाळ आपण झोपेतच पाहतो आहोत, असं त्याला वाटत होतं.

कळमेश्वरच्या वाटेवरचं हे तळं ढिवरांच्या मच्छीमार संस्थेकडे होतं. तळ्याचा खरा कायदा मात्र सरकारी कागदात नव्हता, एका माशाच्या ओठात होता. जुन्यांनी कधीकाळी कतल्याच्या एका मादीला पितळेची नथ घालून पाण्यात सोडलं. दरसाल मासे काढताना ती जाळ्यात आली, की हात जोडायचे, तिला सोडायचं आणि जाळं गुंडाळायचं. मागे उरेल ते तळ्याचं. पुढचं वर्ष त्यावरच उभं राहायचं. नथवाली कधी मरत नाही, अशी सगळ्यांची श्रद्धा. शेजारच्या गावाने असली भानगड ठेवली नाही. त्यांनी तळं खरवडून काढलं. आता तिथले ढिवर हिंगण्याला कारखान्यात पाळीवर जातात आणि तळ्यात बेडकं ओरडतात.

तळ्याच्या बांधावर भोईपुऱ्याच्या मासळी बाजारातला ठेकेदार गणपतराव बर्फाचा ट्रक घेऊन उभा होता.

"अर्धा ट्रक खाली आहे, सचिवसाहेब. यंदा पूर्ण तळं काढून टाका नं."

संस्थेचे सचिव मधुकरराव म्हणजे गावातला शिकलेला माणूस. राजदूत फटफटीवरून फिरत, बोलत कमी. गाडीची किल्ली त्यांनी सुतळीत ओवून गळ्यात अडकवली होती.

"अन् हे काय? राजदूतच्या किल्लीले सुतळी?" गणपतराव हसला. "एवढी गरिबी आली काय?"

"कडी पडली कुठंतरी," मधुकरराव तुटकपणे म्हणाले आणि पाण्याकडे वळले. "तिसरी ओढ घ्या रे! नथवाली आली तर थांबू. नाही आली, तर हे सारं थोतांड समजू अन् तळ गाठू."

"थोतांड काहून म्हणता जी?" म्हातारे रुपराव डोंग्यातून ओरडले.

"मग सांगा नं. पावसाळ्यापासून कोणाले दिसली काय ती?"

माणसं पाण्याकडे पाहू लागली. लहानूने तर मान खालीच घातली. कारण नथवाली मेली होती.

दिवाळीच्या सुमारास शिंगाडे काढताना ती त्याला वेलींत सापडली, पोट वर करून तरंगत असलेली. लहानूने नथ काढून घेतली, पळसाखाली खड्डा करून तिला पुरलं आणि एकटाच ढसाढसा रडला. मग हातभर लांबीचा एक कतला धरला, त्याच्या ओठात नथ घातली आणि सोडून दिला. अंजनाबाईलाही सांगितलं नाही. बायकोच्या पोटात गोष्ट राहत नाही, असं त्याचं ठाम मत होतं. तेव्हापासून ती म्हातारी नथवाली रोज पहाटे स्वप्नात यायची. उंबऱ्याशी ओली थांबायची आणि काही न बोलता त्याच्याकडे पाहायची.

"काहून जी, तब्येत बरी नाही काय?" शेजारी जाळ्याचा काठ धरून उभ्या अंजनाबाईने विचारलं. तिच्या एकाच कानात बाळी होती. दुसरी निंदणात पडली, म्हणाली होती. त्यावरून लहानूने दोन दिवस घर डोक्यावर घेतलं होतं.

"तुले काय वाटते वं? येईन ती?"

"येईन नं," ती शांतपणे म्हणाली. "तिले यावंच लागते."

तिसरी ओढ सुरू झाली. लहानूचा कतला आला नाही, तर तळं गेलं. आला, तर म्हातारीच्या जागी हे पोर पाहून कोणीतरी ओळखणारच. जाळं आवळत आलं. पाणी चंदेरी झालं, उसळू लागलं. धुक्यात काहीतरी पिवळं चमकलं.

"आली!" रुपराव ओरडले. "नथवाली आली!"

सगळ्यांचे हात जोडले गेले. गणपतरावानेही टोपी काढली.

"गुंडाळा जाळं!" मधुकररावांनी एवढ्या घाईने हुकूम दिला, की ठेकेदाराला तोंड उघडायला वेळच मिळाला नाही. "जवळ कोणी जाऊ नका. लहानू, सोड गा तिले."

सोडायचा मान लहानूच्या घराचा. त्याने जाळ्यात हात घातला आणि तो थबकला. चमकत होती ती नथ नव्हती, सोन्याची बाळी होती, आणि मासा चक्क रोहू होता. लहानूने मागे पाहिलं. अंजनाबाई कानावरून पदर घेऊन दुसरीकडेच बघत होती.

त्याने रोहू गुपचूप सोडला. त्याच्या खालीच त्याचा कतला होता, पितळेची नथ घालून. तोही त्याने सोडला. जाळं हलकं झालं, आणि तळाशी एक लहानसा मृगळ शेपटी आपटत वर आला.

त्याच्या ओठात एक लोखंडी कडी होती, आणि कडीला राजदूतचा बिल्ला.